तीन पुकारे

"आला बघ चहावाला नाईक."

कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या पाठीमागं कुणीतरी हळूच म्हणालं आणि दुसरं कुणीतरी हसलं. मी फाइल छातीशी धरून उभी होते. समोरच्या पायऱ्यांवरून एक म्हातारा माणूस गुडघ्यावर हात टेकत वर येत होता – धोतर, डोक्याला विटका गुलाबी फेटा, खांद्यावरून दोरीनं लटकवलेली पाण्याची बाटली. त्याला ते ऐकू गेलं नाही. कमीच ऐकू यायचं त्याला. मला मात्र गेलं. मी मागं वळून पाहिलं नाही. ते नाव त्याला कुणामुळं पडलं, हे त्या व्हरांड्यात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस म्हणजे मी – आणि मी फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधत होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, रोज एका डब्यातून जेवणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. एका बाईला सांगितलं, तेही फार उशिरा – त्याबद्दल शेवटी लिहीन. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. की तेही जमणार नाही? बघू.

आधी खांबांबद्दल सांगते. ते सोपं आहे.

मी हिंगोलीहून रोज सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या कोर्टात जाते. नरसीचा फाटा मागं पडला की थोड्या वेळानं डाव्या हाताला माळावर चार खांब दिसतात. माणसाच्या डोक्याइतके उंच, वर गंजलेल्या सळया. कुणी सळईला बकरी बांधतं, कुणी लुगडं वाळत घालतं. तिथं पाण्याची टाकी व्हायची होती, पलीकडच्या तांड्यासाठी. टाकी मंजूर झाली, खड्डे झाले, खांब वर आले – आणि शेजारच्या एका बागायतदारानं दावा लावला, की ही जागा गायरान नाही, माझ्या हद्दीत येते. मोजणी होईपर्यंत काम थांबवा, असा हुकूम झाला. जैसे थे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. हा शब्द मी पहिल्यांदा त्या फाइलवर वाचला, आणि मला त्याची गंमत वाटली होती. गाण्यातला शब्द असावा तसा. जसं होतं तसंच राहील.

जसं होतं म्हणजे काय होतं? तांड्यातल्या बायका खालच्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. ती विहीर त्याच बागायतदाराच्या शेतात. तांड्यात कुणाशी त्याचं बिनसलं की विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या पडायच्या, दोन-तीन दिवस. मग कुणीतरी जाऊन हात जोडायचं, मग फांद्या उचलल्या जायच्या.

म्हणून तांड्यानं अर्ज केला होता. मोजणी चालायची तितकी चालू द्या, पण टाकीचं काम थांबवू नका – एवढंच. अर्जदार म्हणून एक नाव होतं. थावरा देवला राठोड.

हे नाव लक्षात ठेवा, कारण ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. त्या माणसाला तरुणपणापासून सगळे नाईकच म्हणत आले – तांड्यात, बाजारात, एसटीत, कोर्टातही. थावरा म्हणून हाक मारतील अशी माणसं आता उरली नव्हती. कागदावरचं ते नाव कागदावरच राहायचं. मीही त्यांना नाईक काका म्हणत असे.

त्यांचे वकील म्हणजे माझे सर. मी सरांची ज्युनिअर, सनद मिळून चारच महिने झालेली. बोलणं मला कधीच जमलं नाही. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत, आणि कोर्टात आल्यावर कळलं की आपल्याला इथली मराठीच येत नाही. घरात बोलायची येते. पण ही – तहकूब, नाकबूल, दरम्यान, मजकूर – ही मी वहीत लिहून पाठ करत होते, लहान मूल पाढे करतं तसं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही तसं धरू नका.

तांड्याच्या अर्जाची सुनावणी होती, त्या दिवसाच्या आठवडाभर आधी एक गोष्ट झाली होती. दुसऱ्याच एका प्रकरणात सरांनी मला पाठवलं होतं, फक्त मोहलत मागायला. मी उठले. आणि मी म्हणाले, "साहेब, आम्हाला थोडी मेहनत द्यावी."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मेहनत काय कमी हाय का मॅडम आमाला?" सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश साहेबांनी मान खाली घातली, पण तेही हसत होते. दिसत होतं. त्या दिवसापासून मी मेहनत मॅडम. कॅन्टीनमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात. कुणी वाईट मनानं म्हणत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण रात्री अंथरुणात माझा चेहरा गरम व्हायचा.

आता तो दिवस. – मी इथवर चार-पाच वेळा लिहीत आले आहे आणि दर वेळी इथंच वही मिटली आहे.

सर त्या सकाळी हिंगोलीच्या कोर्टात अडकले होते. मला म्हणाले, "काही करायचं नाही. पुकारा झाला की उठायचं, हजर म्हणायचं, आणि सांगायचं की सर दुपारनंतर येऊन युक्तिवाद करतील. साहेब चांगले आहेत, ठेवतील." पुकारा म्हणजे काय, हे कोर्टाची पायरी न चढलेल्यांसाठी सांगते. शिपाई दारात उभा राहून पक्षकाराचं नाव मोठ्यानं घेतो. तीनदा. तीनदा घेऊनही कुणी बोललं नाही, तर तो माणूस नाही असं समजतात.

नाईक काका माझ्याआधीच येऊन बसले होते. दाराच्या अगदी शेजारी, भिंतीला टेकून, जमिनीवर. मला पाहून उठायला लागले. मी म्हटलं, बसा.

"मॅडम, मला आइकू कमी येतं. नाव निगालं की तुमी सांगसाल नं?"

"सांगते ना काका. मी आतच आहे."

"मंग तवर च्या पिऊन येऊ का? पहाटं निगालो. तोंडात काई न्हाई."

मी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "नका जाऊ. केव्हाही पुकारा होईल. झाल्यावर पिऊ."

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा बसले.

म्हणजे ते चहाला गेले नाहीत. मी नका म्हणाले आणि ते गेले नाहीत. हे एकदा सरळ लिहून ठेवते, कारण आजवर ते कुठंच लिहिलेलं नाही.

मी आत जाऊन दुसऱ्या ओळीत बसले. वहीत वाक्य लिहून आणलं होतं – हजर साहेब, वरिष्ठ विधिज्ञ दुपारनंतर युक्तिवाद करतील. मी ते ओठांत म्हणून पाहत होते. विधिज्ञ हा शब्द मला नीट जमत नव्हता. तेवढ्यात माझ्या मागं दोन जण येऊन बसले. एकानं दुसऱ्याला सांगितलं, आवाज न दाबता – "आज मेहनत मॅडम एकट्याच हायत वाटतं. बघू आज काय मागून राहिल्या."

आणि दारात बशीर चाचांनी नाव घेतलं. बशीर चाचा कोर्टाचे जुने शिपाई, भरदार आवाजाचे.

"थावरा देवला राठोड..."

माझे पाय उठायच्या बेतात होते. खरंच होते. मी बाकाची कड धरली. विधिज्ञ. विधिज्ञ म्हणायचं की वकीलसाहेब? मागं कुणीतरी खाकरलं.

"थावरा देवला राठोड..."

दारातून नाईक काकांचा गुडघा मला दिसत होता. आणि त्या गुडघ्यावर ठेवलेला हात. बशीर चाचा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. चाचांनी खाली त्यांच्याकडं पाहिलंही – नाईक तर रोजच्या ओळखीचे – आणि नजर पुढं व्हरांड्यात नेली, त्या राठोडाला शोधत. काकांनी चाचांकडं बघून मान हलवली, रामराम करतात तशी.

तेव्हा मी काय विचार करत होते? इतक्या वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे, की आता खरं उत्तर कुठलं आणि नंतर जुळवलेलं कुठलं, ते सांगता येत नाही. एवढं आठवतं – मला वाटलं, तिसऱ्याला उठू.

"थावरा देवला राठोड, हाजिर हो..."

मी वहीकडं पाहत होते.

साहेबांनी समोर पाहिलं. थोडं थांबले. ते खरोखर थांबले होते. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि कारकुनानं पुढची फाइल उचलली. अर्जदार व वकील पुकारूनही गैरहजर, अर्ज काढून टाकण्यात येतो. तेवढं लिहायला फार वेळ लागत नाही. मी तरीही उठू शकले असते, पुढच्या दोन मिनिटांत उठून सांगितलं असतं तर साहेबांनी ते खोडलंही असतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं का? होतं, थोडंसं.

मी उठले – आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडले. ज्या दारात ते बसले होते, त्या दारानं नाही.

लिंबाखाली उभी राहून सरांना फोन केला. सर म्हणाले, "म्हणजे? तू कुठं होतीस?"

आणि मी म्हणाले – अडखळले नाही, एक शब्दही चुकला नाही – "सर, काका जागेवर नव्हते. चहाला गेले होते. मी त्यांना शोधायला बाहेर गेले, तेवढ्यात पुकारा झाला."

बघा ना. उठून एक शब्द म्हणायचा होता तो जमला नाही, आणि हे तीन वाक्यांचं जमलं. चहाच का सुचला, तेही मला माहीत आहे. सकाळी त्यांनीच तो शब्द काढला होता. मी तो तिथून उचलला.

दुपारी सर आले तेव्हा काका तिथंच बसलेले. तांड्यातले आणखी तिघं जण तोवर आले होते, टाकीचं काय झालं ते बघायला. सर चिडले होते, पण चिडले तरी मोठ्यानं न बोलणारे. म्हणाले, "नाईक, च्या लई महागात पडला तुमचा."

"म्या?" काका म्हणाले. "म्या तं हितंच हाव साहेब. पहाटंपसून."

"मॅडम शोधत फिरल्या तुम्हाला."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. काहीतरी विसरलेला माणूस, आठवण करून देईल अशा माणसाकडं बघतो तसं. मी फाइल उघडली. फाइलमध्ये पाहण्यासारखं काही नव्हतं.

तिघांतला एक, त्यांचा पुतण्या, म्हणाला, "काका, एवढं एक काम व्हतं बसायचं. तेबी न्हाई झालं तुमच्याच्यानं?" दुसरा हसला. आणि मला वाटतं त्याच वेळी, एसटीत बसेपर्यंत, ते नाव तयार झालं असावं.

लोक म्हणतात, कोर्टात प्रकरणं कुजतात. माझे बाबासुद्धा जेवताना म्हणतात – न्यायाधीश कमी, वकील पैसेखाऊ, मोजणीवाले वेळेवर येत नाहीत. सगळं खरं आहे. मी मान हलवते आणि भाजी वाढून घेते. उशीर कसा तयार होतो हे मी एकदा अगदी जवळून पाहिलं आहे. फार काही लागत नाही. कुणीतरी एक जण बसून राहिला की पुरे.

अर्ज पुन्हा नंबरावर घ्या, म्हणजे पुन्हा सुनावणीला घ्या, असा दुसरा अर्ज करावा लागला. त्याला शपथपत्र जोडावं लागतं. सरांनी मजकूर सांगितला आणि तो मीच टाइप केला. ज्याचं शपथपत्र, त्याला ते वाचून दाखवायचं असतं. काका ऑफिसात खुर्चीच्या काठावर बसले. मी मोठ्यानं वाचलं, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला खुर्ची घेऊन – मी, थावरा देवला राठोड, शपथेवर लिहून देतो की, त्या दिवशी मी चहा पिण्यासाठी बाहेर गेलो असल्यामुळे...

मी तिथं थांबले. ते भिंतीकडं पाहत होते. मला वाटलं आता ते म्हणतील, मॅडम, हे खोटं हाय. मी वाट पाहत होते. ते म्हणाले असते, तर मी – काय केलं असतं? काही केलं असतं असं म्हणायचा मला हक्क नाही.

मग ते म्हणाले, "बराबर हाय," आणि अंगठा पुढं केला. शाई मीच लावली. खाली छापलेलं असतं – वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.

मग ऑफिसातल्या पोरानं सगळ्यांसाठी चहा आणला. काकांनी हात जोडले. "न्हाई बापा. सोडला म्या च्या."

सर हसून म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो."

"सोडला," ते म्हणाले.

तुम्ही कधी मोजलं आहे का, दिवसात आपल्यापुढं किती वेळा चहा येतो? ऑफिसात दोनदा, कोर्टात एकदा, घरी दोनदा. कुणाकडं गेलं तर तिथं. दर वेळी मी कप उचलला आणि दर वेळी ते जोडलेले हात दिसले. मीही सोडायला हवा होता, नाही का? ते मला अनेकदा सुचलं. पण कुणी विचारलं असतं, का सोडला. मी पीत राहिले.

तो दुसरा अर्ज सव्वादोन वर्षं नुसता चालत राहिला. समोरच्यांचं म्हणणं यायला वेळ, मग साहेबांची बदली, मग नवे साहेब, मग मोजणीचा अहवाल चुकीच्या फाइलला लागलेला. दर तारखेला काका यायचे. त्याच दारात, त्याच जागी, भिंतीला टेकून. पाण्याची बाटली घरून आणायची म्हणजे नळावर जायला नको. लघवीलासुद्धा उठत नसत. मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. एक हात कायम कानामागं धरलेला. बशीर चाचा म्हणायचे, "नाईक, अंदर पंखे के नीचे बैठो की."

"न्हाई चाचा, हितंच बराबर हाय. हितून आइकू येतं."

एकदा पुकारा झाल्यावर ते आत जाऊन उभे राहिले तेव्हा चाचा चकित झाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, राठोड बोले तो ये नाईक? थावरा इन्हीं का नाम? मैं तो उस दिन..." आणि थांबले. माझ्याकडं पाहिलं. चाचांनी तीस वर्षं दारात उभं राहून माणसं पाहिली होती. मी म्हणाले, "चाचा, पुढची फाइल कुठली हो?" त्यांनी सांगितली. पुढं ते रिटायर झाले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

तांड्यात होळीचा मान नाईकाचा असतो. त्या वर्षी तो पुतण्यानं घेतला. कुणी भांडलं नाही म्हणे. पुतण्याच एकदा सरांना सांगत होता – "काकाला इचारलं तं म्हणे, घे. मला काई आइकू येत न्हाई, काई ध्यानात ऱ्हात न्हाई. माझ्याच्यानं तांड्याचं पाणी गेलं." मी शेजारच्या टेबलावर टाइप करत होते. मी टाइप करत राहिले.

थंडीत ते गेले. झोपेत. मला तारखेच्या दिवशी कळलं – दारातली जागा रिकामी होती, आणि पुतण्या मृत्यूचा दाखला घेऊन उभा होता. सर म्हणाले, "तूच सांग साहेबांना. वारस दाखल करायचे आहेत, मुदत माग."

नवा शिपाई. "थावरा देवला राठोड..."

पहिल्याच पुकाऱ्याला मी उठले. "अर्जदार मयत आहेत, साहेब. वारसांची नावं दाखल करण्यासाठी मोहलत मिळावी."

स्पष्ट. खणखणीत. मोहलत. कुणी हसलं नाही. साहेबांनी पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "आता आलं हं तुला."

मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

वारसांच्या सह्या लागतात. मुलगा ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला, त्याची सही नंतर घेता येणार होती. पण काकांच्या बायकोचा अंगठा आत्ता हवा होता. सर म्हणाले, पुतण्याला सांगून तिला इकडं आणवू. मी म्हणाले, मी जाऊन येते. सरांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. मी आपण होऊन कुठं जात नाही.

फाट्यावर उतरून चालत गेले. वाट खांबांवरूनच जाते. इतकी वर्षं एसटीच्या खिडकीतून पाहिलेले ते खांब जवळून अगदी साधे निघाले. कुणीतरी कोळशानं त्यांवर विकेट काढली होती. खाली विहिरीकडून दोन बायका वर येत होत्या, डोक्यावर घागरी. बोलत नव्हत्या, चढ होता.

काकूंनी मला बाजेवर बसवलं. बारीक, ताठ बाई. सगळे त्यांना नायकीण म्हणतात, अजूनही. मी कागद काढले, कुठं अंगठा लावायचा ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "थांबा जरा. आधी च्या घ्या."

मी नको म्हणाले. पुन्हा म्हणाले. त्या आत गेल्याच. तिथूनच बोलत होत्या. "घरात पत्ती नव्हती. तुमी येणार म्हणला पुतण्या, तं कालच्याला बाजारातून आणली. त्यायनं सोडला तवापसून आमी करतच नव्हतो. मी एकटीनं काय प्यायचा." भांड्याचा आवाज. "लई आवड व्हती वो त्यायला च्याची. मरायच्या आधल्या दिशी म्या म्हनलं, करू का घोटभर? तं नगं म्हणाले."

त्या स्टीलचा पेला घेऊन बाहेर आल्या. कोरा चहा, गूळ घातलेला. माझ्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसल्या.

"कवाकवा रातीचे उठून बसायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, म्या उठलोच न्हाई वो त्या दिशी. दारातच व्हतो. मला चांगलं याद हाय. मंग जरा येळानं आपसूकच म्हणायचे – न्हाई, गेलो असंन. मॅडम शिकलेली हाय. ते लेकरू खोटं काहून बोलंल?"

पेला गरम होता. मी तो खाली ठेवला नाही. बाहेर विहिरीकडच्या बायका आता वर पोचल्या होत्या, घागरी उतरवल्याचा आवाज आला. काकू माझ्याकडं पाहत होत्या, मी चहा प्यायची वाट बघत.

मी म्हणाले, "काकू, काका चहाला गेलेच नव्हते. पुकारा झाला तेव्हा ते दारातच बसले होते. आत मी होते. मी उठले नाही."